विलीन झालेली शाळा

'विलीन' हा शब्द आपण मराठी माणसे मोठ्या आदराने उच्चारतो. नदी सागरात विलीन होते, आत्मा परमात्म्यात विलीन होतो, आणि कीर्तन रंगात आले म्हणजे बुवांचा स्वर टाळांच्या नादात विलीन होतो. विलीन होणाऱ्याचे ह्यात काही हरवते असे आपल्याला कधी वाटत नाही. लहान होते ते मोठे झाले, असाच त्या शब्दाचा ध्वनी आहे. राज्यकारभाराच्या भाषेत तो रूढ झाला संस्थानांच्या निमित्ताने. ज्या माळव्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली, तेथल्या जुन्या मराठी घरांत 'विलीनीकरणाच्या आधी' आणि 'विलीनीकरणानंतर' अशी काळगणना मी पुष्कळदा ऐकली आहे. २८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातली लहानमोठी संस्थाने मिळून मध्यभारत राज्य अस्तित्वात आले. शिंदे राजप्रमुख झाले, होळकर उपराजप्रमुख झाले. साऱ्या देशाचा विचार केला तर पाचशेंहून अधिक संस्थाने दोन-अडीच वर्षांत विलीन झाली. गाद्या, फौजा, खजिने, दरबारची दफ्तरे, सगळ्यांचा निकाल लागला.

हे आठवले म्हणजे एकाच आवारातल्या, एकमेकींपासून वीस पावलांवर असलेल्या दोन सरकारी शाळा एक करणे ही किती किरकोळ बाब वाटते! ही किरकोळ बाब किती वर्षे पुरू शकते, हे मात्र मला एका फाइलीने शिकविले.

माझी नोकरी हिशेबतपासणीची. ह्या नोकरीविषयी लोकांना फारसे प्रेम नसते. आम्ही गावात आलो की विश्रामगृहाचा खानसामा तेवढा हसतमुख असतो, बाकी सारे कार्यालय गंभीर. पण ह्या नोकरीचा एक लाभ मला नेहमी वाटत आला आहे. ज्यांच्याकडे काम करण्याची जबाबदारी असते त्यांच्या वाट्याला फाइलीची चार-सहा पानेच येतात. आपल्या कारकीर्दीतली पाने त्यांनी लिहायची, आणि बदलीचा हुकूम आला की पुढची पाने दुसऱ्यावर सोपवायची. झालेले काम तपासणाऱ्याच्या हाती मात्र सबंध फाइल येते. कादंबरी हप्त्याहप्त्याने लिहिणारे अनेक, पण ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एका बैठकीत वाचणारा एकटा, असा हा प्रकार आहे. २०२२ च्या पावसाळ्यात माळव्यातल्या एका तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात मी अशीच एक फाइल उघडली. गावाचे नाव येथे सांगत नाही. ते सांगून त्या गावाचे भले होईल असे नाही, आणि तशी गावे इतकी आहेत की एकाचे नाव घेणे म्हणजे इतरांवर अन्याय.

शाळेची इमारत जीर्ण होते म्हणजे काय होते, हे माळव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. माळव्याची काळी माती कापसाला आणि सोयाबीनला उदार, पण भिंतीला वैरीण. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया उथळ असला की दर वर्षी इमारत किंचित उचलली जाते आणि किंचित खचते. काही वर्षांनी खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तिरकी चीर निघते. त्या चिरेतून पाणी आत जाते, स्लॅबमधले लोखंड गंजते, गंजले की फुगते, आणि फुगले की खालचा गिलावा सोडून देते. प्रथम चुन्यासारखी भुकटी पडते, मग खडे पडतात, मग खपल्या. सारे हळूहळू चालते. एका रात्रीत कोसळणाऱ्या इमारतीने आधी पाच-सात पावसाळे सूचना दिलेली असते.

ह्या शाळेच्या दोन खोल्या १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेच्या काळातल्या. प्रत्येक प्राथमिक शाळेला सर्व ऋतूंत वापरता येतील अशा निदान दोन खोल्या असाव्यात, असे त्या मोहिमेने ठरविले होते. उद्देश उत्तम होता. पाया मात्र काळ्या मातीत होता. फाइलीचे पहिले पान २०११ सालचे, मुख्याध्यापकांच्या हातचे. अक्षर वळणदार, भाषा नम्र. भिंतीस चिरा गेल्या आहेत, छतातून खडे पडतात, कृपया पाहणी व्हावी. पाहणी झाली. अभियंत्याने प्रामाणिकपणे लिहिले की इमारत दुरुस्त होण्याजोगी राहिलेली नाही, ती निरुपयोगी ठरवावी आणि दोन नव्या खोल्या द्याव्यात. त्याने केलेले अंदाजपत्रकही सोबत होते. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला होता. प्रत्येक शिक्षकामागे निदान एक खोली आणि सर्व ऋतूंत टिकणारी इमारत असावी असे त्याच्या परिशिष्टात म्हटले होते आणि त्यासाठी तीन वर्षांची, म्हणजे ३१ मार्च २०१३ पर्यंतची मुदत होती. तेव्हा प्रस्तावाला कोणी नाही म्हटले नाही. नाही म्हणण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाहीच.

त्यानंतरची पाने मी येथे विस्ताराने सांगत नाही. आपणांपैकी बहुतेकांनी तशी पाने वाचलेली, काहींनी लिहिलेलीही असतील. जागेचा उतारा मागविला, तो आला तेव्हा दरसूची बदलली होती. नव्या दरांनी अंदाजपत्रक झाले, तेव्हा आर्थिक वर्ष संपले होते. पुढच्या वर्षी निधी आला तो शौचालयांचा आला. मग एकदा प्रशासकीय मंजुरी मिळाली आणि निविदा निघाली, पण एकही ठेकेदार आला नाही. स्मरणपत्रे होती, स्मरणपत्रांची स्मरणपत्रे होती. मुख्याध्यापकांचे अक्षर मात्र दर वर्षी तेवढेच वळणदार होते.

आणि मग २०१८ साल आले. त्या वर्षी मध्य प्रदेशात 'एक शाला एक परिसर' ह्या नावाने एकाच आवारात किंवा अगदी शेजारी असलेल्या शाळा एकत्र करण्यात आल्या. सुमारे ३५ हजार शाळांच्या सुमारे १६ हजार शाळा झाल्या. कल्पना वावगी नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो. एका आवारात प्राथमिक शाळा एक, माध्यमिक एक. दोघींचे मुख्याध्यापक दोन, हजेरीपट दोन, माध्यान्ह भोजनाचे हिशेब दोन, आणि एकीकडे इंग्रजी शिकविणारा नाही तर दुसरीकडे तो रिकामा बसलेला. हे एक करण्यास कोणत्या शहाण्या माणसाने हरकत घ्यावी? आमच्या ह्या गावातही तसेच होते. प्राथमिक शाळेत ४८ मुले, दोन शिक्षक, दोन मोडक्या खोल्या. वीस पावलांवरच्या माध्यमिक शाळेत ४५ मुले, तीन शिक्षक, तीन धड खोल्या. हुकूम निघाला आणि एका दिवसात एक शाळा झाली.

फाइलीतले त्यापुढचे पान मी दोनदा वाचले. त्यावर असे लिहिले होते की, सदर प्राथमिक शाळा विलीन झाली असल्याने तिच्या नावे नवीन इमारतीची मागणी आता विचारात घेता येत नाही. गरज असल्यास एकीकृत शाळेने नव्याने प्रस्ताव सादर करावा. हे अगदी योग्य होते. जी शाळा नाही तिला इमारत कशी द्यावी? एकीकृत शाळेने नव्याने प्रस्ताव सादर केला. त्यावर उत्तर आले की, नोंदीनुसार शाळेत शिक्षक पाच आणि खोल्याही पाच आहेत. प्रत्येक शिक्षकामागे एक खोली हा निकष पूर्ण होत असल्याने वाढीव खोल्यांची आवश्यकता दिसून येत नाही.

पाच खोल्या! तीन धड आणि दोन मोडक्या मिळून पाच. मोडक्या खोल्या निरुपयोगी असल्याचा अभियंत्याचा शेरा जुन्या शाळेच्या क्रमांकावर होता, आणि तो क्रमांक विलीनीकरणाबरोबर रद्द झाला होता. शेरा मागे राहिला, खोल्या तेवढ्या पुढे गेल्या. सात वर्षे ज्या खोल्या धोक्याच्या म्हणून कागदावर उभ्या होत्या, त्या विलीनीकरणाने एका रात्रीत सुदृढ झाल्या. कोणत्याही गवंड्याला जमले नसते ते काम बेरजेने केले.

आणखी एक बेरीज सांगतो. धंद्याची सवय आहे, वाचकांनी क्षमा करावी. समग्र शिक्षा योजनेत शाळेला किरकोळ दुरुस्ती, रंगसफेदी, खडू वगैरेंसाठी वार्षिक अनुदान मिळते आणि ते पटावर ठरते. अगदी लहान शाळा सोडल्या तर शंभरच्या आतल्या पटाला वर्षाला २५ हजार रुपये. ४८ मुलांची एक शाळा आणि ४५ मुलांची एक शाळा, अशा दोन शाळांचे होतात ५० हजार. दोन्ही मिळून ९३ मुलांची एक शाळा झाली की होतात २५ हजार. छपरे तेवढीच, भिंती तेवढ्याच, गळती तेवढीच, पैसा निम्मा. ह्यात कोणी पैसा खाल्ला नाही. तसे काही असते तर माझे काम सोपे होते.

फाइलीचा शेवट २०२१ सालचा. राज्यात सर्व सोयींनी युक्त अशा मोठ्या शाळा उभारण्याची योजना त्या सुमारास हाती घेण्यात आली. आसपासच्या गावांतली मुले बसने तेथे यायची होती. पुढे एप्रिल २०२५ मध्ये ह्या शाळांना सांदीपनी विद्यालय असे नाव मिळाले. उज्जैनच्या सांदीपनींच्या आश्रमात राजपुत्र आणि दरिद्री ब्राह्मणाचा मुलगा एकत्र शिकले, तेव्हा नाव समर्पक आहे, आणि ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यांतल्या मी पाहिलेल्या दोन खरोखर देखण्या आहेत. पण आमच्या फाइलीवर तिचा परिणाम एवढाच झाला की शेवटच्या पानावर एक ओळ वाढली. नजीकच्या कस्ब्यात मोठी शाळा प्रस्तावित असल्याने ह्या ठिकाणी तूर्त खर्च करणे उचित होणार नाही. म्हणजे एका विलीनीकरणाने जुने छप्पर दुरुस्तीपासून सोडविले आणि दुसऱ्या, अजून न झालेल्या विलीनीकरणाने नवे छप्पर अडविले. सांदीपनींच्या दोन शिष्यांनाही रानात लाकडे आणायला गेले असता पावसाने रात्रभर गाठले होते. पण ती एकच रात्र होती, आणि सकाळी गुरू त्यांना शोधत आले.

फाइलीवर सह्या आठ अधिकाऱ्यांच्या होत्या. मी प्रत्येकाची पाने वेगवेगळी वाचून पाहिली. एकाच्याही पानात मला आक्षेप घेण्याजोगे काही सापडले नाही. प्रत्येकाने आपल्याकडे आलेला कागद नियमाप्रमाणे पुढे पाठविला होता, बहुतेकांनी तत्परतेने. एक सही तर वळणावरून मराठी वाटली. त्या गृहस्थांचे टिपण साऱ्या फाइलीत उत्तम होते. त्यांनी एकट्याने जागेवर जाऊन छपराचे मोजमाप घेतले होते आणि 'पुढील पावसाळ्यापूर्वी' हे शब्द अधोरेखित केले होते. त्यांची बदली मे महिन्यात झाली.

दुसऱ्या दिवशी मी शाळा पाहायला गेलो. हिशेबतपासनीस शाळेत येत नाहीत. त्यामुळे मुख्याध्यापक प्रथम गोंधळले. सारे गाव त्यांना 'मास्साब' म्हणते. पाऊस चालू होता. पहिली ते पाचवीची मुले कोठे बसतात, असे मी विचारले. उन्हाळ्या-हिवाळ्यात कडुनिंबाखाली, ते म्हणाले. आणि पावसाळ्यात? त्यांनी मला जुन्या खोलीत नेले. खोलीच्या मधोमध जमिनीवर चुन्याची एक जाड रेघ ओढलेली होती. रेघेच्या पलीकडे छताचे लोखंड उघडे पडले होते आणि खाली पाण्याचे डबके होते. रेघेच्या अलीकडे, खोलीच्या एक-तृतीयांश जागेत, तीन इयत्तांची मुले एकमेकांना खेटून बसली होती. उरलेल्या दोन इयत्ता माध्यमिक शाळेच्या ओसरीवर होत्या. रेघ दर सोमवारी नव्याने ओढावी लागते, मास्साब म्हणाले, कारण पावलांनी पुसते. आणि दर वर्षी ती थोडी अलीकडे घ्यावी लागते.

मी त्यांना विलीनीकरणाविषयी विचारले. हिंदी कार्यालयांत विलीनीकरणाला सर्रास 'मर्ज' म्हणतात, इंग्रजीवरून. आणि हिंदी-उर्दूत मर्ज म्हणजे आजार. मास्साबांनी श्लेष केला की सहज बोलले, कोण जाणे. ते म्हणाले, "साहब, स्कूल तो मर्ज हो गया, बच्चे कहाँ मर्ज होते हैं?" शाळा विलीन झाली, मुले कोठे विलीन होतात! हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर शाळा खर्ची पडली आणि मुले शिल्लक राहिली.

आमच्या अहवालांत निष्फळ खर्चासाठी शब्द आहे, अडकून पडलेल्या निधीसाठी आहे, टाळता येण्याजोग्या खर्चासाठीही आहे. पण येथे तर खर्चच झालेला नव्हता. पैसा जागच्या जागी सुरक्षित होता. ज्याचा व्यय झाला होता तो होता काळ, आणि तोही सरकारचा नव्हे. सरकारच्या दृष्टीने अकरा वर्षे म्हणजे दोन पंचवार्षिक कार्यकाळ आणि थोडे अधिक. प्राथमिक शाळेतल्या मुलाच्या दृष्टीने पाच वर्षे म्हणजे संपूर्ण शाळा. मास्साबांनी पहिले पत्र लिहिले त्या २०११ साली पहिलीत आलेले मूल मी फाइल वाचत होतो तेव्हा बारावीच्या वर्षात होते, शिकत राहिले असेल तर. त्याच्यामागून आणखी एक पूर्ण तुकडी पाच वर्षे त्याच छपराखाली बसून निघून गेली होती, आणि तिसरी तुकडी चुन्याच्या रेघेअलीकडे बसली होती. 'विलंब' हा शब्द आपण वापरतो तो काम पुढे होणार आहे ह्या भरवशावर. त्या मुलांच्या बाबतीत काही पुढे होणार नव्हते. त्यांची शाळा संपली होती. त्यांना नवी खोली उशिरा मिळाली नाही, मिळालीच नाही.

मला राहून राहून आठवण होते ती मध्य प्रदेशातल्याच एका जुन्या योजनेची. १९९७ च्या जानेवारीत सुरू झालेल्या शिक्षा गारंटी योजनेत असे होते की, एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीतल्या चाळीस मुलांच्या, आणि आदिवासी भागात पंचवीस मुलांच्या, पालकांनी मागणी केली तर सरकारने ९० दिवसांत शिक्षक द्यावा. त्या योजनेत उणिवा होत्या, शिक्षकाचे मानधन तुटपुंजे होते. पण तिच्यात दिवसांची संख्या लिहिलेली होती. पालकाला बोटांवर मोजता येईल अशी ती मुदत होती. शाळा उघडताना ज्या शासनाला नव्वद दिवस मोजता आले, त्याच शासनाला शाळा जोडताना दिवस मोजावेसे वाटू नयेत, ह्याचे मला नवल वाटते.

शाळा जोडण्याच्या कल्पनेशी आपल्या मराठी माणसाचा जुना संबंध आहे, हे येथे सांगावेसे वाटते. १९६४ ते १९६६ ह्या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी ह्यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला होता. त्याचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. त्या आयोगाने शाळासंकुलाची कल्पना मांडली. एका हायस्कुलाभोवती आसपासच्या प्राथमिक शाळा गुंफाव्यात, त्यांनी प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि एकमेकींचे शिक्षक वापरावेत, लहान शाळेचा एकटेपणा जावा. लहान शाळा पुसून टाकाव्यात असे त्या कल्पनेत नव्हते. त्या आपल्या जागी राहून मोठीच्या आधाराने वाढाव्यात असे होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ती कल्पना पुन्हा उचलली. मधल्या काळात मात्र जोडणे सोपे आणि उभारणे अवघड असल्याचे साऱ्या राज्यांना कळले होते. राजस्थानात २०१४ साली हजारो शाळा एकत्र झाल्या. आपल्या महाराष्ट्रात २०१७ साली अल्प पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि मोठे वादळ उठले. उत्तर प्रदेशात १६ जून २०२५ च्या आदेशाने लहान शाळांच्या जोड्या लावण्याचे ठरले. पालक न्यायालयात गेले आणि जुलैअखेर अलाहाबाद उच्च न्यायालयाने सीतापूर जिल्ह्यापुरती परिस्थिती जैसे थे ठेवण्यास सांगितले. ह्या साऱ्या वादांत अंतर, पट, शिक्षकसंख्या ह्यांवर भरपूर बोलले गेले. ज्या शाळा रिकाम्या झाल्याच नाहीत आणि दुरुस्तही झाल्या नाहीत, अशा मधल्या छपरांविषयी कोणी फारसे बोलले नाही.

२५ जुलै २०२५ ह्या दिवशी त्यांविषयी बोलावे लागले. माळव्याला लागून असलेल्या राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यात, मनोहर थाना भागातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळेचे छप्पर भर पावसात वर्गावर कोसळले आणि सात मुले मरण पावली. त्या दिवसांच्या वृत्तपत्रांत दोन गोष्टी आल्या होत्या. खडे पडताहेत असे मुलांनी आधी सांगितले होते, ही एक. आणि जिल्ह्याने मागविलेल्या धोकादायक शाळांच्या यादीत ह्या शाळेचे नावच नव्हते, ही दुसरी. मी पुष्कळ वेळ त्या यादीचाच विचार करीत बसलो. यादीत नाव नसणे म्हणजे काय, हे मला चांगले ठाऊक होते. आमच्या गावची शाळाही कोणत्याच यादीत नव्हती. तिच्या पाच खोल्या होत्या.

त्यानंतर राजस्थान उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. राज्याराज्यांतून जीर्ण शाळांच्या नव्या याद्या मागविण्यात आल्या. असे पूर्वीही झाले होते. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणम् येथे शाकारलेल्या छपराच्या शाळेस आग लागून ९४ मुले दगावली. त्यावरून उद्भवलेल्या याचिकेवर १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शिक्षणाच्या हक्कातच सुरक्षित शाळेचा हक्क येतो. म्हणजे कायद्याची उणीव नाही.

आमच्या गावी त्या ऑगस्टमध्ये जुन्या दोन खोल्या पाडण्यात आल्या. २०२२ च्या माझ्या अहवालात मी पाच खोल्यांच्या बेरजेवर एक परिच्छेद लिहिला होता; त्याला 'संबंधितांस योग्य त्या सूचना देण्यात आल्या आहेत' असे उत्तर आले होते. पिपलोदीनंतर मात्र सूचना लागल्या नाहीत. पाडायला चार दिवस पुरले. मास्साब आता निवृत्त आहेत, मीही आहे. त्यांनी दूरध्वनीवरून कळविले. नव्या खोल्यांसाठी जागा आखली आहे, आणि तोवर पाचही इयत्ता माध्यमिक शाळेच्या ओसरीवर बसतात.

हे लेखन ज्यांच्या हाती पडेल ते बहुतेक माझ्यासारखेच आपले गाव सोडून परमुलखात कारभार करणारे किंवा केलेले लोक आहेत. बदलीची नोकरी मुलांना किती जाचक होते, हे आपल्याला ठाऊक आहे. सरकारलाही ठाऊक होते, आणि म्हणूनच १९६३ पासून केंद्रीय विद्यालये निघाली. आपण भोपाळहून गुवाहाटीला गेलो तरी आपल्या मुलाचा धडा तोच राहावा, अशी व्यवस्था झाली. आपल्या बदल्यांची झळ आपल्या मुलांना लागू नये म्हणून इतका विचार करणाऱ्या व्यवस्थेने, आपल्या बदल्यांची झळ गावातल्या मुलांना लागू नये म्हणूनही थोडा विचार करावा, ही मागणी फार मोठी नाही.

आणि त्यासाठी नवे धोरण लागत नाही. शाळा जोडण्याच्या हुकुमात आणखी तीन ओळी असाव्यात. मुले नव्या खोलीत कोणत्या तारखेला बसतील. त्या तारखेपर्यंत जुन्या छपराची डागडुजी कोणाच्या पैशाने होईल. आणि जुन्या शाळेवरचे धोक्याचे शेरे खोल्यांबरोबर नव्या शाळेच्या नोंदीत जातील. ज्या दिवशी मुले खरोखर नव्या छपराखाली बसतील त्या दिवशी शाळा विलीन झाली असे लिहावे, त्याआधी लिहू नये. सागरापर्यंत न पोचता वाटेत आटलेल्या नदीला विलीन झाली असे आपण म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याच हातातली आहे. कार्यभार सोपविताना आपण काय काय मोजून देतो! कपाटांच्या किल्ल्या, शिक्के, रोकड, मोजमापाच्या वह्या, भिंतीवरचे घड्याळ, मोडक्या खुर्च्यांसुद्धा. दोन्ही बाजूंच्या सह्या होतात आणि मग चहा होतो. त्या यादीच्या शेवटी, ज्यांच्या हद्दीत शाळा येतात त्यांनी, आणखी एक रकाना भरावा. धोक्याच्या छपराखाली बसणारी मुले किती, आणि पहिले पत्र कोणत्या सालचे. येणाऱ्या अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी त्या आकड्याखाली सही करावी लागेल. मग तोही जागेवर जाईल, मोजमाप घेईल, आणि 'पुढील पावसाळ्यापूर्वी' हे शब्द पुन्हा एकदा अधोरेखित करील; आणि त्याची बदली झाली, तर तो आकडा किल्ल्यांबरोबर पुढच्याच्या हाती पडेल.